घराघरातली लक्ष्मी कुणी छापली? राजा रविवर्मा, कलावंतिणी आणि मळवलीचा छापखाना

दिवाळीच्या आदल्या दिवशी खामगावच्या बाजारात फिरलात, तर लाह्या-बत्ताशांच्या ढिगाशेजारी लक्ष्मीच्या फोटोंची चळत हमखास दिसते. कमळावर उभी, चार हात, काठाची लालसर साडी, मागे हत्ती. मेहकरच्या किराणा दुकानात गल्ल्याच्या वर लावलेला फोटोही बहुधा तसाच असतो. लक्ष्मीपूजनाला फॅमिली ग्रुपवर शुभेच्छांचे जे मेसेज पडतात, त्यातही बऱ्याचदा तीच लक्ष्मी असते.

लक्ष्मी अशीच दिसते, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं कसं बसलं?

याचं उत्तर शोधत गेलं की आपण १८९४ सालच्या गिरगावातल्या एका छापखान्यात पोहोचतो. तो काढणारा माणूस केरळचा होता, छपाईची यंत्रं जर्मनीची होती आणि चित्रासमोर बसणाऱ्या बायकांपैकी काही जणी गोव्यातून मुंबईत आलेल्या गायिका होत्या. छापखाना काढणारा चित्रकार म्हणजे राजा रविवर्मा. देशभरातल्या घरांत त्यांनी देव पोहोचवले, पण छापखाना मात्र त्यांना दहा वर्षंही सांभाळता आला नाही.

हे सगळं कसं घडलं, समजून घेऊया.

रविवर्मा खरंच राजा होते का?

नाही. रविवर्मा कुठल्याही संस्थानाचे राजे नव्हते. त्यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोर संस्थानातल्या किळीमानूर इथे झाला. घराणं सरदारी होतं आणि त्रावणकोरच्या राजघराण्याशी त्यांचे लग्नसंबंध होते. घरात संस्कृत, कथकली आणि संगीताचं वातावरण होतं. आई उमायंबा कविता करायच्या. मामा राजराजा वर्मा चित्रं काढायचे. भाच्याचा हात त्यांनीच ओळखला.

१४ वर्षांचे असताना मामांनी त्यांना तिरुवनंतपुरमला महाराजांच्या दरबारात नेलं. तिथे त्यांना युरोपातून आलेला एक नवा प्रकार दिसला, तेलरंग. आपल्याकडे तोवर भिंतीवर, कागदावर, हस्तिदंतावर चित्रं काढली जात. तेलरंग उशिरा वाळतात, त्यामुळे रंगात रंग मिसळून त्वचेची चमक, रेशमाची घडी, दागिन्यावरचा उजेड दाखवता येतो. पण हे तंत्र शिकवायला कुणी तयार नव्हतं. दरबारातल्या जाणत्या चित्रकाराने हात आखडता घेतला. १८६८ मध्ये थिओडोर जेन्सन नावाचा युरोपियन चित्रकार दरबारात आला. त्यानेही शिकवलं नाही, फक्त काम करताना बघू दिलं.

रविवर्मा बघून शिकले. कोणता रंग आधी, कोणता नंतर, किती तेल, हे घरी येऊन स्वतः करून बघायचं आणि चुकलं की पुन्हा करायचं. चित्रकलेच्या कुठल्याही शाळेत ते गेले नाहीत.

१८७३ मध्ये मद्रासच्या प्रदर्शनात त्यांच्या चित्राला गव्हर्नरचं सुवर्णपदक मिळालं. केसात गजरा माळणारी नायर स्त्री, असा त्या चित्राचा विषय होता. त्याच वर्षी व्हिएन्नाच्या जागतिक प्रदर्शनातही त्याचा गौरव झाला. रविवर्मा तेव्हा २५ वर्षांचे होते.

एका मराठी दिवाणाचा सल्ला

पदकं मिळाली तशी मागणी वाढली. संस्थानिक, इंग्रज अधिकारी, श्रीमंत व्यापारी, सगळ्यांनाच चित्र हवं होतं. पण एक मोठं तेलचित्र पूर्ण व्हायला आठवडे, कधी महिने लागत. हात दोनच आणि गिऱ्हाइकं शेकडो.

यावर उपाय सुचवला सर टी. माधवराव यांनी. तंजावरच्या मराठी परंपरेतलं हे घराणं. माधवराव आधी त्रावणकोरचे, मग इंदूरचे आणि पुढे बडोद्याचे दिवाण झाले. १८८४ च्या सुमारास त्यांनी रविवर्म्यांना कळवलं की निवडक चित्रं युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत छापील प्रती काढून घ्याव्यात. त्यातून नाव होईल आणि देशाचीही सेवा घडेल, असा त्यांचा विचार होता.

रविवर्म्यांनी ते लगेच केलं नाही. त्याआधी बडोद्याचं मोठं काम आलं. मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, शेतकरी घरातून दत्तक जाऊन गादीवर बसलेले महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८८८ मध्ये त्यांना रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची १४ चित्रं काढायला सांगितली.

काम मोठं होतं आणि अडचण साधी वाटली तरी खरी होती. दमयंतीने नेसायचं काय? गंगा कुठले दागिने घालेल? केरळची नेसण दाखवली तर उत्तरेत ती परकी वाटेल, उत्तरेचा घागरा दाखवला तर दक्षिणेत. म्हणून रविवर्मा धाकटे भाऊ सी. राजराजा वर्मा यांना घेऊन उत्तर भारतात फिरले. वेश, दागिने, इमारती बघितल्या. शेवटी त्यांच्या बहुतेक नायिकांच्या अंगावर साडी आली, आणि कितीतरी चित्रांत तिची नेसण मराठी नऊवारीच्या जवळची आहे.

चित्रं १८९० च्या सुमारास पूर्ण झाली आणि राजवाड्यात जाण्याआधी लोकांना बघायला खुली केली गेली. बघायला मोठी गर्दी लोटली. चित्रांचे फोटोही हातोहात खपले. फोटो काळे-पांढरे होते, तरी लोक ते घरी नेत होते. लोकांना चित्र नुसतं बघायचं नव्हतं, ते आपल्या भिंतीवर हवं होतं. हे रविवर्म्यांना तिथे कळलं असावं.

जपानमध्ये हे आधीच घडलं होतं

भिंतीवर लावायला स्वस्त छापील चित्र ही कल्पना जगाला नवी नव्हती. जपानच्या एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, सतराव्या शतकापासून हा धंदा जोरात होता.

तिथे चित्रं लाकडावर कोरून छापली जात. चित्रकार कागदावर रेखाटन करायचा. कोरक्या ते चेरीच्या लाकडाच्या फळीवर उलटं चिकटवून कोरायचा. छापणारा फळीला शाई लावून कागद दाबायचा. पैसा आणि जोखीम प्रकाशकाची. हिशिकावा मोरोनोबु हे सुरुवातीच्या काळातलं मोठं नाव. १६९४ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या काळात छपाई फक्त काळ्या शाईत व्हायची आणि रंग हाताने भरावे लागत. १७६५ च्या सुमारास प्रत्येक रंगाला वेगळी फळी वापरून पूर्ण रंगीत छपाई सुरू झाली.

चित्रांचे विषय? योशिवारा या वेश्यावस्तीतल्या नामांकित गणिका, नाटकातले नट आणि जुन्या लढायांतले सामुराई योद्धे. किंमत साधारण नूडल्सच्या वाडग्याइतकी. त्यामुळे हमालापासून दुकानदारापर्यंत कुणीही ती घेऊ शकायचं.

पण चित्रात जे दिसायचं, ते अर्धंच होतं. झगमगीत किमोनोतल्या त्या गणिकांपैकी अनेक जणी गरीब आईबापांनी लहानपणीच विकलेल्या मुली होत्या. डोक्यावर कर्ज, आणि ते फिटेपर्यंत वस्तीबाहेर पाऊल टाकायची मुभा नाही. चित्राने त्यांचं रूप घरोघर नेलं, त्यांचं कर्ज कुठेच दाखवलं नाही.

आणि योद्ध्यांचं चित्र काढणं धोक्याचं होतं. गणिकांच्या चित्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या कितागावा उतामारो यांनी १८०४ मध्ये तोयोतोमी हिदेयोशी या ऐतिहासिक सत्ताधीशाला त्याच्या बायकांसोबत चेरीच्या बहराचा आनंद घेताना दाखवलं. अशा व्यक्तींची चित्रं छापायला बंदी होती. उतामारो यांना ५० दिवस हातकड्या घालण्याची शिक्षा झाली. दोन वर्षांत, १८०६ मध्ये ते गेले.

ही जपानी चित्रं रविवर्म्यांनी समोर ठेवली होती, असं इथे सुचवायचं नाही. त्यांचा आदर्श युरोपची तेलचित्रं होती. पण चित्र स्वस्त झालं की ते कुणाचं दाखवायचं, कुणाच्या घरी जायचं आणि त्याची किंमत कुणी मोजायची, हे प्रश्न एदोत होते तसेच मुंबईतही उभे राहिले.

गिरगावातला छापखाना आणि दगडावरची छपाई

१८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात रविवर्म्यांची दहा चित्रं गेली आणि त्यांना पदकंही मिळाली. वेगवेगळ्या समाजांतल्या भारतीय स्त्रिया हा बहुतेक चित्रांचा विषय होता आणि त्यात मुंबईची एक गायिकाही होती. पुढच्याच वर्षी, १८९४ मध्ये, त्यांनी गोवर्धनदास खटाऊ मखनजी या व्यापाऱ्याच्या भागीदारीत गिरगावात छापखाना सुरू केला. यंत्रं आणि कारागीर जर्मनीहून आणले. पहिलं छापील चित्र होतं शकुंतलेच्या जन्माचं.

छपाई लाकडावर नव्हे, दगडावर व्हायची. तिला शिळाप्रेस म्हणतात. तत्त्व सोपं आहे. तेल आणि पाणी मिसळत नाहीत. गुळगुळीत केलेल्या चुनखडीच्या जाड लादीवर तेलकट खडूने किंवा शाईने उलटं चित्र काढायचं. मग लादी ओली करायची. जिथे खडू लागलाय तिथे पाणी थांबत नाही, बाकी दगड ओला होतो. त्यावर तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त चित्राला धरते. वर कागद ठेवून दाबलं की झाली छपाई.

रंगीत चित्रात खरी कसोटी लागते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. एका लक्ष्मीसाठी डझनभर किंवा त्याहूनही जास्त दगड लागू शकतात आणि तोच कागद प्रत्येक दगडावरून जातो. दर वेळी तो नेमक्या त्याच जागी बसायला हवा. केसभर सरकला तर ओठांचा रंग हनुवटीवर जातो. त्यात कागद दमट हवेत ताणला जातो, म्हणजे पावसाळ्यात काम आणखी अवघड. शेवटी वार्निश दिलं की चित्र तेलचित्रासारखं चमकतं. या प्रकाराला ओलिओग्राफ म्हणतात.

तुमच्या घरी येणारा छापील पेपर ज्या ऑफसेट मशिनवर निघतो, तिथे दगडाच्या जागी धातूची पातळ प्लेट असते. तेल-पाण्याचं तत्त्व तेच आहे.

लक्ष्मी, सरस्वती, गणपती, राम, कृष्ण ही चित्रं खूप खपली. विशेष म्हणजे वीरपुरुषही आले. घोड्यावर बसलेल्या शिवाजी महाराजांचं रविवर्म्यांचं चित्र छापून घरोघर गेलं. लोकमान्य टिळकांनी शिवजयंतीचा उत्सव सार्वजनिक केला, तो हाच काळ. उदयपूरला जाऊन त्यांनी महाराणा प्रतापांचंही चित्र काढलं.

मुंबई-नागपूर रेल्वे १८६७ मध्येच पूर्ण झाली होती. मलकापूर, नांदुरा, शेगाव याच मार्गावर. मुंबईत छापलेली वस्तू वऱ्हाडात पोहोचायला आता बैलगाडीचे आठवडे लागत नव्हते.

आणि एक गोष्ट विसरता येणार नाही. त्या काळी गावातल्या कितीतरी लोकांना देवळाच्या पायरीवरही उभं राहू दिलं जात नव्हतं. कागदावरच्या देवाला मात्र पुजाऱ्याची परवानगी लागत नव्हती. चित्र विकत घ्या, खिळा ठोका, हात जोडा.

देवीसमोर मॉडेल म्हणून कोण बसलं?

इथे गोष्ट योशिवाराच्या जवळ येते.

युरोपियन पद्धतीच्या चित्राला समोर जिवंत माणूस बसावा लागतो. पण १८९० च्या दशकात परक्या पुरुषासमोर तासन्‌तास बसायला घरंदाज म्हणवणाऱ्या कुटुंबातली बाई सहसा तयार होणं शक्य नव्हतं. मग कोण बसणार? गिरगाव परिसरात गोव्याहून आलेली कलावंत घराणी राहत होती. देवळांशी बांधलेल्या या समाजातल्या बायका गाणं शिकायच्या, मैफली करायच्या. त्यांचं गाणं ऐकायला प्रतिष्ठित लोक यायचे, पण त्यांच्या मुलींना सून म्हणून घरात घ्यायला तयार नसायचे.

रविवर्म्यांच्या मॉडेल म्हणून राजीबाई मुळगावकर यांचं नाव वारंवार घेतलं जातं. पुढे भेंडीबाजार घराण्याच्या थोर गायिका म्हणून गाजलेल्या अंजनीबाई मालपेकर यांचंही नाव येतं. मात्र सोशल मीडियावर फिरणाऱ्या पोस्टमध्ये अंजनीबाईंच्या नावावर जी जुनी चित्रं टाकली जातात, ती तपासून घ्यायला हवीत. अंजनीबाईंचा जन्म १८८३ चा. १८७० च्या दशकातल्या चित्रात त्या असणं शक्यच नाही. 'रंगरसिया' सिनेमातली सुगंधा बघून तीच खरी गोष्ट समजणारेही बरेच आहेत. तो सिनेमा आहे, इतिहास नव्हे.

नावांचा घोळ का होतो? कारण नावं लिहून ठेवायची गरजच कुणाला वाटली नाही. छापील चित्राखाली देवीचं नाव आहे, चित्रकाराचं आहे, छापखान्याचं आहे. समोर बसलेल्या बाईचं नाही. जिला अनेक घरांत पाहुणी म्हणूनही बोलावलं गेलं नसतं, तिचा चेहरा त्याच घरांच्या देव्हाऱ्यात गेला असेल. त्या चेहऱ्यापुढे रोज उदबत्ती लागली असेल.

पुढे हाच पेच दुसऱ्या एका माणसाला पडला. दादासाहेब फाळके यांनी सिनेमाकडे वळण्याआधी रविवर्मा प्रेससाठी काम केलं होतं. नंतर त्यांनी स्वतःचा छापखानाही काढला. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी त्यांना तारामती हवी होती. घरंदाज बायका सोडाच, वेश्यावस्तीतल्या बायकांनीही नकार दिला. अखेर एका हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंके नावाच्या तरुणाने साडी नेसून तारामती केली.

प्लेग, कर्ज आणि विक्री

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. माणसं गावाकडे पळाली. कारागीर मिळेनात, माल हलेना. छापखाना आधी घाटकोपरला आणि मग १८९९ मध्ये लोणावळ्याजवळच्या मळवलीला, कार्ल्याच्या लेण्यांच्या पायथ्याशी गेला. दगडाच्या जड लाद्या, यंत्रं, कागद, सगळं हलवायचं आणि पुन्हा बसवायचं. खर्च वाढत गेला आणि कर्जही.

रविवर्मा चित्रकार होते, कारखानदार नव्हते. हिशेब, व्यवस्था, पत्रव्यवहार बराचसा धाकटे भाऊ राजराजा बघायचे. स्वतःही उत्तम चित्रकार असलेला हा भाऊ वर्षानुवर्षं त्यांच्यासोबत फिरला आणि रोजनिशी लिहीत गेला. प्रवास, गिऱ्हाइकं, पैशांची ओढाताण यांची माहिती आज आपल्याला बरीचशी तिच्यातूनच मिळते.

नव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच भावांनी छापखाना त्यांच्याकडेच तंत्रज्ञ असलेल्या फ्रिट्झ श्लायशर या जर्मन गृहस्थाला विकला. ऐंशीहून जास्त चित्रं छापण्याचे हक्कही त्यासोबत गेले. म्हणजे यानंतर रविवर्म्यांची लक्ष्मी जितकी खपली, ती त्यांच्या छापखान्याची राहिली नव्हती.

श्लायशर यांना धंदा कळत होता. त्यांनी देवांच्या चित्रांसोबत कापडाच्या गठ्ठ्यांवरची लेबलं, जाहिराती असली कामंही घेतली. छापखाना चालला आणि पुढे कित्येक दशकं चालत राहिला. नाव मात्र रविवर्मा प्रेस हेच ठेवलं, कारण बाजारात खप त्या नावाला होता.

रविवर्म्यांना १९०४ मध्ये सरकारने कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिलं. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९०५ मध्ये, भाऊ राजराजा गेले. आयुष्यभराचा जोडीदार गेल्यावर रविवर्मा खचले. मधुमेह होताच. २ ऑक्टोबर १९०६ रोजी किळीमानूरला, ज्या घरात पहिली चित्रं काढली तिथेच, वयाच्या ५८ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. उतामारो यांच्या मृत्यूला त्याच वर्षी १०० वर्षं झाली.

मग टीका कशासाठी झाली?

त्यांच्या मृत्यूच्या आसपासच बंगालमध्ये चित्रकारांची नवी पिढी उभी राहिली. अवनींद्रनाथ टागोर हे त्यांचे पुढारी. रविवर्म्यांची चित्रं युरोपची नक्कल आहे, देवी नाटकातल्या नटीसारख्या दिसतात, असा या गटाचा आक्षेप होता. भारतीय पद्धत हवी, असं म्हणत ते अजिंठ्याकडे, मुघल चित्रांकडे वळले. आणि जपानकडेही. जपानी विचारवंत ओकाकुरा १९०२ मध्ये कोलकात्यात होते आणि त्यांच्यामागोमाग तिथले चित्रकारही येऊन गेले.

टीकेत तथ्य नव्हतं असं नाही. देवीचे गोरे रंग, भरलेले दागिने, ठरावीक चेहरेपट्टी यांची छाप आजही आपल्या कॅलेंडरवर, मालिकांवर आणि सौंदर्याच्या कल्पनांवर आहे. सावळी लक्ष्मी आपल्याला दिसत नाही, याचं एक कारण या छापील चित्रांत आहे.

पण टीका करणाऱ्यांची चित्रं संग्रहालयात राहिली आणि रविवर्म्यांची भिंतीवर. १९७९ मध्ये भारत सरकारने त्यांच्या चित्रांना राष्ट्रीय कलाठेव्याचा दर्जा दिला, त्यामुळे मूळ चित्रं देशाबाहेर विकायला नेता येत नाहीत.

छापखान्याचं काय झालं?

१९७२ मध्ये मळवलीच्या छापखान्याला आग लागली. दगड, जुन्या प्रती, कागदपत्रं, बरंच काही त्यात गेलं. समोर बसलेल्यांची नावं कुठे नोंदली असतील, तर तीही गेली असावीत.

बडोद्याची मूळ चित्रं आज तिथल्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात आहेत. तेवढ्या लांब जाणं जमेलच असं नाही. त्याआधी आपल्या किंवा आजोळच्या जुन्या घरातली काळपट झालेली एखादी फ्रेम उतरवून बघा. चित्राखालच्या पट्टीवर बारीक अक्षरात रविवर्मा प्रेस, घाटकोपर, मळवली किंवा कार्ला-लोणावळा असं काही दिसलं, तर ती प्रत जुनी असू शकते. कागद फ्रेममधून ओढून काढू नका, ओल्या फडक्याने पुसू नका, ओल येणाऱ्या भिंतीवर परत लावू नका. आणि भंगारात तर देऊच नका.

पुसून झाल्यावर देवीच्या चेहऱ्याकडे मिनिटभर बघा. सव्वाशे वर्षांपूर्वी तिच्या जागी कुणीतरी बाई मान न हलवता बसलेली असेल. तिचं नाव त्या पट्टीवर नाही.